संसार बाहुलीचा, भाव पितळेचा

जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या जगात एक उफराटा हिशेब चालतो. बाहुली मिळते, तिच्या पायातला जोडा मिळत नाही. आणि म्हणून बाहुलीपेक्षा जोड्याचीच चौकशी जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या ज्युमो कारखान्यात घडलेल्या, चिनीमातीच्या तोंडाच्या आणि मोठाल्या काचेरी डोळ्यांच्या बाहुल्या आजही लिलावात येतात. पण त्यांपैकी एखादीच्या चामडी जोड्याच्या तळावर मधमाशीचा शिक्का दिसला की गिऱ्हाईक पुढे सरकून बसते. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या व्यापारी जत्रेत बार्बी नावाची बाहुली पहिल्यांदा मांडली गेली. किंमत होती तीन डॉलर. त्या पहिल्या खेपेच्या बाहुलीला उभे करण्याच्या बैठकीवर दोन खुंट्या होत्या, त्यामुळे तिच्या तळपायांना भोके होती आणि म्हणून तिच्या उंच टाचेच्या सपातांनाही भोके होती. बैठक पुढे बदलली, भोके गेली. आता त्या भोकाच्या, नखाएवढ्या सपातांसाठी शहाणीसुरती माणसे बाहुलीच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात.

मोठ्या माणसांनी असा खेळ करावा का, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा टपाल तिकिटांचे चार अल्बम असतात! तिकिटे जमवणे हा अभ्यास आणि बाहुल्या जमवणे हा पोरकटपणा, अशी वाटणी आपण का करून ठेवली आहे, याचे उत्तर फार अवघड नाही. एक छंद बापाकडून मुलाकडे जातो. दुसरा मुलींचा खेळ म्हणून माळ्यावर जातो. मी स्वतः बाहुल्या कमी आणि त्यांची भांडीकुंडी, कपडेलत्ते, पेट्यापेटारे जास्त जमवते. कारण माझ्या मते बाहुली फारसे बोलत नाही. तिचे तोंड कारखानदाराने ठरवलेले असते. बोलतो तो तिचा संसार.

वस्तू कधीची, हे ओळखण्याची विद्याही या छंदात पाठ होते. अमेरिकेत 1890 मध्ये मॅकिन्ले यांचा जकात कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षापासून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे बाहुलीच्या मानेमागे ‘जर्मनी’ असे इंग्रजीत कोरलेले असले, तर ती बहुतेक करून त्यानंतरची. जपानी चहाच्या इवल्या कपबशीवर ‘निप्पॉन’ असेल तर ती 1921 च्या आधीची, कारण त्या साली अमेरिकी जकात खात्याने ‘जपान’ असेच लिहा म्हणून बजावले. आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर ती 1945 ते 1952 मधली, म्हणजे अमेरिकी फौजांच्या अंमलाखालच्या देशाने निर्यात केलेली. पराभूत राष्ट्राची अवस्था त्याच्या खेळण्यातल्या कपबशीच्या बुडाला लिहिलेली असावी, हे मला कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा अधिक बोचते.

फ्रेंच बाहुल्यांच्या प्रवासी पेटाऱ्यांत काय काय असे! हातमोजे, छत्री, पंखा, नाटकगृहातली दुर्बीण, स्वतःच्या नावाची भेटपत्रे. पैसेवाल्या घरातल्या मुलीने पुढे कसली बाई व्हायचे, त्याचा तो अभ्यासक्रमच. या प्रकाराचा कळस म्हणजे 1938 साली फ्रान्सने इंग्लंडच्या एलिझाबेथ आणि मार्गारेट या राजकन्यांना दिलेल्या ‘फ्रान्स’ आणि ‘मारियान’ नावाच्या दोन बाहुल्या. त्यांच्याबरोबर साडेतीनशेवर वस्तू आल्या. कपडे पॅरिसच्या नामांकित शिवणघरांनी शिवले होते. दुसऱ्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. त्याआधी, दिल्लीत नवी राजधानी उभारत असतानाच, लट्येन्स साहेबांनी मेरी राणीसाठी एक बाहुलीघर बांधले होते. 1924 मध्ये पुरे झालेल्या त्या घरात नळाला पाणी येते आणि तळघरातल्या बाटल्यांत खरी दारू आहे. हे सारे पाहून थक्क व्हायला होते, पण खरे सांगायचे तर मन गुंतत नाही. ज्या वस्तूंशी कोणी खेळलेच नाही, त्या वस्तू खेळणी कशा?

मन गुंतते ते दुसऱ्याच एका गोष्टीत, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी.

1924 मध्ये अमेरिकेने असा कायदा केला की जपानी माणसांना तिथे स्थायिक होण्याची वाट जवळजवळ बंदच झाली. जपानमध्ये त्याचा संताप उसळला. सिडनी गुलिक नावाचे एक मिशनरी होते, त्यांची उमेदीची कितीतरी वर्षे जपानमध्ये गेली होती. मोठी माणसे ऐकत नाहीत तर निदान मुलांची तरी ओळख होऊ द्या, अशा विचाराने त्यांनी एक मोहीम काढली. अमेरिकेतल्या शाळांनी, चर्चनी, मुलींच्या मंडळांनी बाहुल्या विकत घ्यायच्या, त्यांचे कपडे स्वतः शिवायचे आणि त्या जपानी शाळांना पाठवायच्या. 1927 सालच्या 3 मार्चला, म्हणजे जपानमधल्या मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, या पाहुण्यांचे स्वागत झाले. एकंदर 12,739 बाहुल्या गेल्या. प्रत्येकीजवळ पारपत्र होते, चिठ्ठी होती, बदलायचे कपडे होते. आपल्याकडे लेकीला सासरी पाठवताना पेटी भरून देतात, तसाच हा प्रकार.

जपानने परतफेड केली ती त्यांच्या रीतीने. एइइची शिबुसावा हे तिथले वयोवृद्ध उद्योगपती पुढे झाले. लाखो मुलींनी एकेक सेन, म्हणजे तिथला पैसा, जमा केला आणि कसबी कारागिरांकडून 58 बाहुल्या घडवून घेतल्या. प्रत्येक बाहुली सुमारे 81 सेंटीमीटर उंच, म्हणजे चालायला लागलेल्या पोरीएवढी. अंगावर रेशमी किमोनो, चेहऱ्यावर शिंपल्यांच्या भुकटीचा लेप. आणि बरोबर सारा संसार: लाखकाम केलेले कपाट, पेटी, दिवे, चहाची भांडी, पायताणे, छत्री. या बाहुल्यांनी अमेरिकेत गावोगाव दौरा केला, सत्कार घेतले आणि मग त्या वेगवेगळ्या राज्यांतल्या संग्रहालयांत राहिल्या.

पुढे काय झाले ते वाचकांनी ताडलेच असेल. 1941 च्या डिसेंबरात पर्ल हार्बर झाले. जपानमध्ये ‘निळ्या डोळ्यांची बाहुली’ शत्रूची हेर ठरली. 1943 च्या सुमारास शाळाशाळांतून त्या जाळल्या गेल्या, फोडल्या गेल्या, आणि हे काम पुष्कळदा मुलांच्याच हातून करवून घेतले गेले. तरी काही शिक्षकांनी त्या लपवल्या: कुणी पोटमाळ्यावर, कुणी कपाटामागे. पकडले गेले असते तर नोकरी गेली असती, कदाचित अधिकही काही. बारा हजारांतल्या सुमारे तीनशे वाचल्या, त्या अशा. माळ्यावर वस्तू टाकणे आणि माळ्यावर वस्तू ठेवणे यांत किती फरक असतो!

अमेरिकेतल्या जपानी बाहुल्याही युद्धात तळघरात गेल्या, काही खासगी हातांत गेल्या. 58 पैकी चाळीसहून अधिक पुन्हा सापडल्या आहेत. पण त्यांतली खरी मेख निराळीच आहे. दौऱ्यात वेष्टणे उघडता-बांधताना त्यांची अदलाबदल झाली होती. ज्या बाहुलीला एका प्रांताची म्हणून ओळखत, ती दुसऱ्याच प्रांताची निघे. चेहरे सारखे, उंची सारखी. मग खरी कोण कुठली, याचा शोध जुनी छायाचित्रे, किमोनोवरची कुलचिन्हे आणि सोबतच्या सामानावरच्या खुणा यांवरून घ्यावा लागला. बाहुली मुकी आणि तिची पेटी साक्षीदार. जोड्याला आणि कपबशीला एवढे महत्त्व का, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी ही गोष्ट सांगते.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे मुळात बाहुलीपेक्षा तिचा संसारच मोठा होता. बाहुली म्हणजे चिंध्यांची, काजळाने डोळे काढलेली. नाहीतर लाकडाची ठकी, हातपाय धडाला चिकटलेले, रंगाच्या चार रेघांत नाकडोळे. सावंतवाडीच्या चितार आळीतली पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी कोकणातून घाटावर येत, तशीच जत्रेजत्रेतून ठकीही येई. तिचे नाक झिजले की नवी मिळे. पण भातुकली? ती पितळेची, तांब्याची. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणे, झारा, सांडशी, फुंकणी, विळी, किसणी, सोऱ्या, खलबत्ता, दगडी जाते, पाटा-वरवंटा, पंचपाळे, घंगाळ, आणि ज्याच्यापुढे पोरी तासन् तास बसत तो बंब. ही भांडी नुसती दिसायला भांडी नव्हती. सोऱ्यातून शेव पडे. जात्यातून पीठ निघे. माझ्याकडच्या दोन इंची पातेल्याला आतून कल्हई आहे, म्हणजे त्यात चिंचगुळाचे काहीतरी शिजत असले पाहिजे. नाहीतर कल्हईचा खर्च कोण करील? पुण्यातल्या तांबट आळीत मोठ्या हंड्यांवर ठोके घालणाऱ्या हातांनीच ही भांडी घडवली असतील, तर लहान भांडे घडवायला मोठ्यापेक्षा कमी कष्ट पडले नसणार, हे हातात घेतले की कळते.

भातुकलीचे डबे क्रमाने मांडले तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराचा शंभर वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. आधी चूल आणि फुंकणी. मग शेगडी. मग रॉकेलचा स्टोव्ह, पंप मारायच्या दांड्यासकट. तांबे-पितळेच्या जागी अॅल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील, मग प्लास्टिकची गॅसची शेगडी आणि तिच्याबरोबर प्लास्टिकचाच मिक्सर. जाते कधी नाहीसे झाले, बंब कधी गेला, टेबलावर जेवणे कधी आले, याच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. त्या या खेळण्यांत आपसूक राहिल्या आहेत.

बाहुलीच्या कपड्यांचेही तसेच. बाहुलीचे लुगडे विकत आणत नसत. आजीचे लुगडे विरले की काठ काढून ठेवायचे आणि त्यातला वीतभर बाहुलीला. खणाचा तुकडा चोळीला, मखमलीची चिंधी बाहुल्याच्या कोटाला. मूळ लुगड्याचे धडपे झाले, धडप्याचे पोतेरे झाले आणि ते चुलीत गेले. पण बाहुलीच्या अंगावरचा वीतभर काठ राहिला. 1900-1910 च्या काळातल्या साध्या घरातल्या बायका रोज काय नेसत, याचा पुरावा शोधायला गेलात तर छायाचित्रे काळीपांढरी आणि तीही ठेवणीतल्या पैठण्या नेसून काढलेली. रंग, पोत, जाडाभरडा विणीचा काठ हे कुठे सापडते? ठकीच्या अंगावर.

आणि बाहुला-बाहुलीचे लग्न! मांडव, विहिणींचे रुसवे, पंगत, रुखवत. रुखवतात पुन्हा बाहुल्या आणि इवली भांडी, म्हणजे खेळातल्या लग्नात खेळण्यांचे रुखवत. हे सारे आपण ‘किती गोड’ म्हणून आठवतो. मला ते तितकेसे गोड वाटत नाही. 1873 मध्ये रमाबाई रानड्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असे म्हणणारा शारदा कायदा आला 1929 मध्ये, आणि तो पाळला जायला पुढे किती वर्षे लागली ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या पोरीने श्रावणात बाहुलीचे लग्न लावले, तिचेच लग्न पुढच्या वैशाखात लागत असे. कालपर्यंत दोन इंची तव्यावर भाकरी थापणारी मुलगी आज बारा माणसांच्या तव्यापुढे बसे. कित्येकींचा भातुकलीचा डबा पाठराखणीसारखा त्यांच्याबरोबर सासरी गेला असेल, आणि तिथे तो उघडायला त्यांना फुरसत झाली नसेल. माझ्या संग्रहात एक इंचभर उंचीचा तांब्या आहे. त्याच्या गळ्याशी नाव घातलेले होते. घासून घासून आता फक्त ‘चि.’ एवढेच उरले आहे. चिरंजीव असो की चिमी असो, ते अक्षर घासणाऱ्या हाताचे वय मी कितीदा तरी मनाशी ताडून पाहते.

हे सारे आज कुठे आहे? मोडीत. घर बदलताना, वाडा पाडताना, आजी गेल्यावर तिची खोली आवरताना पितळ वेगळे काढले जाते आणि तराजूत पडते. मोठ्या हंड्याकळशीबरोबर ती भातुकलीही किलोच्या भावाने जाते. बाहुलीचे कपडे तर बोहारीणही घेत नाही. ज्यांनी हे विकले त्यांना मी दोष देत नाही. दोन खोल्यांच्या जागेत राहणाऱ्याने काय काय सांभाळायचे? पण ज्यांचे कामच सांभाळण्याचे आहे त्यांचे काय? काही वर्षांपूर्वी एका सरकारी संग्रहालयात मी एका घरातला अख्खा, 62 नगांचा भातुकलीचा संच घेऊन गेले होते. फुकट द्यायला. तिथल्या साहेबांनी डब्यात डोकावून विचारले, “बाई, कुठल्या संस्थानचा?” कुठल्याच संस्थानचा नव्हता. एका कारकुनाच्या घरातला होता. डबा घेऊन मी परत आले. तलवार कुणाच्याही कमरेची चालते, पोळपाट मात्र राजघराण्यातलाच हवा!

अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले ते अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तूंचेच. आणि 1975 मध्ये तो आयुष्यभराचा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 मध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय सुरू केले. त्याचे मूळ हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेसाठी दिलेल्या एका बाहुलीत आहे. त्या एकीच्या पुढे कितीतरी हजार झाल्या; संग्रहालयाच्या स्वतःच्या कार्यशाळेत भारतीय वेशातल्या बाहुल्या बनवून परदेशी बाहुल्यांशी त्यांची देवघेव होऊ लागली. हे काम थोरच. पण तिथली बाहुली ही देशाची प्रतिनिधी असते, टापटीप, पोशाखी. रडक्या पोरीने केस उपटलेली, एका हाताची बाहुली देशाची प्रतिनिधी कशी व्हायची? तिला जागा हवी असेल तर ती निराळ्याच संग्रहालयात मिळायला हवी.

परदेशी संग्राहकांकडून या बाबतीत आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे इथे सांगून टाकते. डबाच न उघडलेल्या बाहुलीची जी पूजा तिकडे चालते, ती आपल्याला नको. कंपनीची दोरी, कंपनीचे वेष्टण, मुलीचा हात न लागलेली काया: त्यालाच सर्वांत जास्त भाव. 2014 मध्ये लंडनच्या बोनहॅम्समध्ये कॅमर आणि राइनहार्ट या जर्मन कंपनीची एक बाहुली 2,42,500 पौंडांना गेली. तो साचा प्रयोगादाखल केलेला, दुसरा नग ठाऊक नाही, म्हणून ती किंमत. त्याबद्दल तक्रार नाही. पण 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ज्या बाहुल्या काळ्या मुलांपुढे ठेवून “यांतली चांगली कोणती?” असे विचारले, त्या दुकानातल्या साध्याच बाहुल्या होत्या, आणि मुलांची उत्तरे 1954 च्या शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या निकालापर्यंत पोहोचली. भाव कुणाचा मोठा, ते वाचकांनीच पाहावे.

घ्यावी ती त्यांची जपणूक. तिचे काही नियम साधे आहेत आणि घरच्या घरी पाळता येतात. पितळी भातुकली चिंचेने किंवा पावडरीने लखलखीत करू नये; घासताना नावही जाते आणि कल्हईही. कोरड्या फडक्याने पुसावी, बस. सेल्युलॉइडची बाहुली, म्हणजे ती पोकळ, हलकी, दाबली तर चेपणारी जपानी बाहुली, घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नये. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून झालेला तो पदार्थ पेट घ्यायला टपलेला असतो. शिवाय सडू लागला की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारची धातूची भांडी खाऊन टाकते. मऊ प्लास्टिकच्या बाहुलीचे अंग जुने झाले की चिकट होते, कारण आत मिसळलेले तेलकट द्रव्य बाहेर येते. तिला वर्तमानपत्रात गुंडाळले तर बातमी तिच्या पोटावर उमटते. जुन्या बार्बीच्या कानाशी हिरवा डाग असतो, तो कर्णफुलातल्या तांब्याचा. तिकडचे लोक त्यावर मुरुमांचे मलम लावून तिला उन्हात ठेवतात आणि डाग जातोही, पण कधी कधी त्याजागी पांढरा चट्टा उरतो. मी म्हणेन, असू दे डाग. रेशमी कपडा आपोआप चिरफाळत असेल तर तो धुऊ नका, घडीही घालू नका. वजन वाढवण्यासाठी त्यात धातूचे क्षार भरलेले असण्याचा संभव असतो आणि तसल्या रेशमाला पाणी म्हणजे शेवटचे स्नान.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे कागदाची एक चिठ्ठी. शिसपेन्सिलीने लिहायचे, शाई पसरते. कुणाची भातुकली, कुठल्या गावी, साधारण कोणत्या साली, कुणी आणून दिली, त्यातले काय हरवले. आजी हयात असेल तर तिच्यासमोर डबा उघडा आणि एकेक भांडे तिच्या हातात द्या. जे आजवर कधी बोलली नाही ते ती बोलेल. ‘ही सांडशी माझी नव्हे, शेजारच्या पोरीची, तिने परत मागितलीच नाही’ असे एखादे वाक्य निघेल. तेही लिहा.

दिवाळीची आवराआवर आता तोंडावर आली आहे. माळे रिकामे होतील, पितळ वेगळे निघेल, मोडवाला वजनकाटा घेऊन दारात उभा राहील. हंडे-कळश्या खुशाल द्या. फक्त त्यांच्या पोटात हात घालून पाहा. जागा वाचवायला भातुकलीची लहान भांडी मोठ्या भांड्यांच्या आत ठेवायची रीत होती, आणि हंडा उपडा न करताच काट्यावर चढतो.